चार्ट बघू नका, म्हणे!

‘एसआयपी लावा आणि विसरून जा, चार्टच्या नादी लागू नका.’ गुंतवणुकीचा विषय निघाला की हा सल्ला मिळतोच. बँकेतले साहेब देतात, सोसायटीच्या कट्ट्यावरचे काका देतात, वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्याही देतात. देणाऱ्याची कळकळ खरी असते. कुणाच्या तरी मुलानं ऑप्शनमध्ये बुडवलेले पैसे आणि ते फेडायला मोडलेली ठेव त्यानं जवळून पाहिलेली असते. तरीही हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि देणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला महागात पडणारा वाटतो. ज्याचे पैसे बाजारात आहेत, मग ते महिन्याला हजार रुपये का असेनात, त्याला आपल्या पैशाचा चार्ट उघडता आणि वाचता आलाच पाहिजे.

आधी समोरच्या बाजूचा पुरावा मांडतो, कारण तो खरोखरच भक्कम आहे. बाजार नियामक सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. खर्च वजा जाता लाखाहून जास्त कमावणारे शंभरात एक. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या दुसऱ्या पाहणीत, सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्या इंट्राडेवाल्यांपैकी दहातले सात २०२२-२३ मध्ये तोट्यात असल्याचं दिसलं. अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या प्राध्यापकांनी १९९१ ते १९९६ या काळातली ६६,४६५ कुटुंबांची खाती तपासली होती. सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या पदरात वर्षाला ११.४ टक्के पडले. बाजारानं तेव्हा १७.९ टक्के दिले होते.

आता या आकड्यांवरून आरोपी कोण ठरतो? ऑप्शनवाला बुडतो तो थोड्या पैशाच्या जोरावर घेतलेल्या मोठ्या सौद्यांमुळे, आठवड्याच्या एक्स्पायरीमुळे आणि प्रत्येक सौद्यावर कापल्या जाणाऱ्या दलाली-करांमुळे. बार्बर-ओडीन यांची कुटुंबं मागे पडली ती सतत घेण्या-विकण्यामुळे. खिशातल्या फोनवर चार्ट दिसण्याचा तो काळच नव्हता. म्हणजे चार्ट हाताशी नसतानाही माणसं हेच करत होती. तरी शिक्षा मात्र चार्टला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

बरं, ‘बघू नका’ म्हणणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षातच येत नाही. न बघण्याची मुभा आता उरलेली नाही. म्युच्युअल फंडाचं किंवा डीमॅटचं कुठलंही ॲप उघडा. वरच्या बाजूला आजचा फायदा-तोटा, खाली एक हिरवी किंवा लाल रेघ, आणि ती बहुतेक वेळा एका दिवसाची. पैसे भरायला आत शिरलात तरी ती दिसते, पत्ता बदलायला शिरलात तरी दिसते. हा चार्टच आहे. फक्त तो तुम्ही मांडलेला नाही. किती काळ दाखवायचा, पट्टी कुठून सुरू करायची, कशाशी तुलना करायची, हे सगळं दुसऱ्या कुणी तरी ठरवलेलं आहे, आणि तुम्ही वारंवार आत यावं, सौदे करावेत यात त्याची कमाई आहे. तेव्हा वाद चार्ट बघावा की बघू नये हा नाहीच. कुणी मांडलेला बघावा, हा आहे.

स्वतः मांडायचा म्हणजे काय करायचं ते सेन्सेक्सच्या उदाहरणानं सांगतो. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ सालचा, १०० अंकांचा. ट्रेडिंगव्ह्यूसारख्या साधनावर तो फुकटात उघडता येतो. जाहिराती तेवढ्या सहन कराव्या लागतात. जितका जुना काळ मिळेल तितका घ्या आणि एका दिवसाऐवजी एका महिन्याचा एक ठिपका ठेवा. समोर येईल ते चित्र असं: पहिली पंचवीस वर्षं रेघ जमिनीला चिकटलेली, मग चढण, आणि शेवटी कडा. हर्षद मेहता प्रकरण तर औषधालाही दिसत नाही. २२ एप्रिल १९९२ ला ४,४६७ वर बंद झालेला निर्देशांक पुढच्या काही महिन्यांत कोसळला, हजारो घरं हवालदिल झाली, आणि या चित्रात तिथं साधा खड्डाही नाही. हे चित्र बघून नवखा माणूस दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर ‘पूर्वी बाजारात काही घडतच नव्हतं’, नाही तर ‘आता फार वर गेलाय, पडणार’. दोन्ही चूक.

आता उजवीकडच्या किमतीच्या पट्टीवर उजवी क्लिक करा आणि ‘लॉगरिदमिक’ निवडा. नाव अवघड आहे, काम सोपं. साध्या पट्टीवर १०० ते २०० हे अंतर आणि ८०,००० ते ८०,१०० हे अंतर सारखंच. लॉग पट्टीवर १०० चे २०० होणं आणि ४०,००० चे ८०,००० होणं सारखं. गुंतवणूकदाराला दुसरंच मोजमाप हवं असतं, कारण त्याचे पैसे अंकांनी वाढत नाहीत, पटीनं वाढतात. क्लिक केल्याबरोबर चित्र पालटतं. १९९२ चा सुळका आणि त्यापाठची दरी दिसू लागते. २००८ दिसतं, मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत उतरलेला सेन्सेक्स दिसतो. २०२० चा मार्च दिसतो. आणि मघाचा तो कडा गायब होऊन त्या जागी आधीच्या चढणींसारखीच एक चढण येते.

याच एका क्लिकनं वर्तमानपत्राचा मथळाही वाचायला शिकता येतं. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडला. अंकांत मोजलं तर २३ मार्च २०२० च्या ३,९३५ अंकांपेक्षा ही घसरण मोठी. पण टक्क्यांत? २०२४ ची ५.७४ टक्के, २०२० ची १३.१५ टक्के. आणि २८ एप्रिल १९९२ ला फक्त ५७० अंक गेले होते, पण ते होते १२.७७ टक्के. ‘विसरून जा’ असं सांगितलेल्या माणसाला निकालाच्या त्या संध्याकाळी टीव्हीवर चार हजारांचा आकडा ऐकू येतो, आणि त्याच्याजवळ तो तोलायला काहीच नसतं. लॉग पट्टीवरचा चार्ट एकदा नीट पाहिलेल्याला तेवढ्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही. घाबरून विकणाऱ्यांत चार्ट बघणारे जास्त की न बघणारे, याची मोजदाद माझ्याकडे नाही. पण घाबरलेल्या माणसाला ‘बघू नका’ एवढंच सांगून तो शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

कट्ट्यावरच्या काकांचं दुसरं वाक्य असतं, ‘लांब मुदतीत बाजार वरच जातो.’ हे ज्या चार्टवर ते बघतात तो कुठून सुरू होतो, हे त्यांना विचारून बघा. मार्च २०२० पासून सुरू होणारी रेघ आजकाल जिथं तिथं दिसते. २३ मार्च २०२० चा २५,९८१ हा बंद भाव धरला, तर पाच वर्षांत, मार्च २०२५ मध्ये ७७,००० च्या आसपास, पैसे जवळपास तिप्पट. सुरुवात दोनच महिने मागं नेली, १४ जानेवारी २०२० च्या ४१,९५३ पासून केली, तर तेच पैसे दुप्पटसुद्धा नाहीत. बाजार तोच, शेवट तोच. फक्त सुरुवात मांडणाऱ्याच्या सोयीची. आणि मांडणारा ती कधीच जानेवारी २०२० पासून करत नाही.

आणखी मागं जाऊ. एप्रिल १९९२ चा ४,४६७ धरा आणि मार्च २००३ अखेर या. सेन्सेक्स ३,०५० च्या आसपास. अकरा वर्षं, आणि निर्देशांक निघाला होता त्याच्या खाली. जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता. ती उंची त्यानं पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं! हे वाचून कुणी बाजारातून पळून जावं असं मी म्हणत नाही. दर महिन्याला हप्ता टाकणाऱ्याचा अनुभव शिखरावर एकरकमी टाकणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, हेही खरं. पण ‘लांब मुदत’ म्हणजे पाच वर्षं की पंधरा, हे ज्याला आपल्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे काढायचे आहेत त्याला आधी कळायला नको? विसरून गेलेल्याला ते नेमकं ज्या वर्षी पैसे लागतात त्या वर्षी कळतं.

मधल्या मध्ये एक गोष्ट सांगून टाकतो, कारण नवख्याची पहिली घाबरगुंडी बहुधा इथंच उडते. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा शेअर २,६५० च्या घरातून १,३३० च्या घरात आला. पडला नव्हता, एकास एक बोनस होता. ज्याच्याकडे दहा होते त्याचे वीस झाले. पण बोनसचे शेअर खात्यात जमा होऊन नोंदी जुळेपर्यंत ॲपवर अर्धे पैसे गेल्यासारखं दिसू शकतं. चांगली चार्ट-साधनं बोनस आणि स्प्लिट लक्षात घेऊन मागचे सगळे भाव आपोआप कमी करून दाखवतात, म्हणून चार्टवर तिथं खड्डा नसतो. डीमर्जरच्या बाबतीत मात्र सगळी साधनं सारखी वागत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसीतून हॉटेलांचा धंदा वेगळा झाला, तेव्हा भाव उतरला तो या कारणानं. ती किंमत दुसऱ्या शेअरच्या रूपानं हातात आलीच. म्हणून चार्टमध्ये एका दिवसात कडा तुटलेला दिसला, की आधी कंपनीची घोषणा बघायची, मग छाती बडवायची की नाही ते ठरवायचं.

डिव्हिडंडचा घोळ याहून मोठा आणि जास्त मुका आहे. सेन्सेक्स आणि निफ्टीचे रोज सांगितले जाणारे आकडे फक्त भावाचे असतात. कंपन्यांनी वाटलेला डिव्हिडंड त्यात नसतो. तो धरून काढलेल्या निर्देशांकाला टोटल रिटर्न इंडेक्स, म्हणजे टीआरआय म्हणतात. फरक किती? समजा भावानं वर्षाला १२ टक्के दिले आणि डिव्हिडंडचा सव्वा टक्का वर. वीस वर्षांत लाखाचे पहिल्या हिशेबानं साडेनऊ लाखांच्या थोडे वर होतात, दुसऱ्या हिशेबानं १२ लाख. फंड मात्र आपल्या पोटातल्या शेअरचा डिव्हिडंड एनएव्हीत, म्हणजे युनिटच्या भावात, घेऊन बसलेला असतो. त्यामुळे फंडाची रेघ नुसत्या निफ्टीच्या रेघेशेजारी ठेवली, की तो काही न करता हुशार दिसतो. सेबीनं १ फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना टीआरआयशीच तुलना सक्तीची केली ती यासाठीच. ॲपवाल्यांच्या आणि एजंटांच्या व्हॉट्सॲप चित्रांवर मात्र अजून नुसता निफ्टी सर्रास दिसतो.

आता दुसऱ्या टोकाला जे बसलेत त्यांच्याकडे वळतो, नाही तर मी त्यांचा वकील आहे असा समज व्हायचा. ‘चार्ट शिका, नोकरी सोडा’ म्हणणारे क्लासवाले. त्यांचा चार्ट उघडला की त्यात भावाची रेघच शोधावी लागते. त्यावर आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर बँड, तीन रंगांच्या सरासऱ्या. वेल्स वाइल्डर यांनी आरएसआय १९७८ च्या पुस्तकात मांडला, त्यातला चौदाचा आकडा आज प्रत्येक साधनात आपोआप भरलेला येतो, आणि चौदाच का, हे शंभरातल्या नव्वद विद्यार्थ्यांनी विचारलेलं नसतं. मुद्दा असा की यातले बहुतेक इंडिकेटर त्याच एका भावातून काढलेले असतात. चारही जण ‘घ्या’ म्हणाले म्हणून चार साक्षीदार मिळाले असं होत नाही. एकाच साक्षीदाराचा जबाब चारदा लिहून घेतलेला असतो. जपानी तांदूळ-बाजारातून आलेल्या कॅंडलची गत तीच. दिवसाचा आरंभ, शेवट, उच्चांक आणि नीचांक एका आकृतीत दाखवण्याची ती उत्तम युक्ती आहे. तिला ‘हॅमर’ किंवा ‘डोजी’ असं नाव दिलं म्हणून उद्याचा भाव तिच्या पोटात येऊन बसत नाही.

या क्लासवाल्यांना जोखायला सेबीनंच एक साधन दिलंय. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात तिनं स्पष्ट केलं, की जो आपण फक्त शिक्षण देतो असं म्हणतो, त्यानं शेअरचं नाव घेऊन बोलताना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. म्हणजे फळ्यावर आज सकाळचा चार्ट आणि खाली टार्गेट, स्टॉप लॉस असेल, तर तिथं शिकवणी चाललेली नाही, टिपा चालल्यात.

गंमत अशी, की कट्ट्यावरचे काका आणि हे क्लासवाले एकमेकांना शिव्या घालतात, पण चार्ट म्हणजे भविष्य सांगण्याचं यंत्र, यावर दोघांचं एकमत आहे. एक म्हणतो, यंत्र खोटं आहे म्हणून फेकून द्या. दुसरा म्हणतो, खरं आहे, फी भरा. चार्टचं खरं काम वेगळंच आहे. अंगणवाडीतल्या ताईंकडे एक तक्ता असतो. दर महिन्याला मुलाचं वजन घेऊन त्या त्यावर ठिपका मांडतात, मागच्या ठिपक्याला जोडतात, आणि त्या वयाच्या मुलाचं वजन साधारण किती असावं याचे छापील पट्टे असतात, त्यांच्याशी ताडून बघतात. मूल पुढं पैलवान होईल की नाही, हे त्या तक्त्यावरून कुणी काढत नाही. सलग दोन-तीन ठिपके सपाट गेले की ताई आईला गाठतात आणि खाणं-पिणं, आजारपण विचारतात. गुंतवणुकीच्या चार्टकडून याहून जास्त मागू नये, आणि कमीही मागू नये. ‘लेकराला वजनकाट्यावर घालू नका, उगाच काळजी वाटते’ असं त्या ताईंना कुणी सांगत नाही.

‘पण बघितलं की हात शिवशिवतात त्याचं काय?’ हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. यावर रिचर्ड थेलर, एमॉस ट्वर्स्की, डॅनियल कानमन आणि ॲलन श्वार्ट्झ यांचा १९९७ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. त्यात लोकांना शेअरसारखा एक फंड आणि रोख्यांसारखा एक फंड यांत पैसे वाटायला सांगितलं. ज्यांना निकाल वरचेवर दाखवले, त्यांनी छोट्या छोट्या तोट्यांनी बिचकून शेअर टाळले आणि शेवटी कमी कमावलं. ‘बघू नका’वाले हा प्रयोग इथवर सांगतात आणि थांबतात. पुढचं असं, की ज्यांना तेच निकाल मोठ्या काळाचे एकत्र करून दाखवले, त्यांनी शेअरमध्ये जास्त पैसे ठेवले आणि जास्त कमावले. त्यांनाही निकाल दाखवलेच होते. फरक होता तो किती काळाचा एक घास करून दाखवला यात.

म्हणून सुरुवात करणाऱ्यानं बंधन घालायचं ते चार्टवर नव्हे, त्याच्या काळावर आणि जागेवर. आकडे महिनाअखेरचे घ्यायचे आणि उघडायचे वर्षातून दोनदा. आपल्याकडे त्यासाठी दिवाळीतलं वहीपूजन आणि गुढीपाडवा हे दोन दिवस आयतेच आहेत. चार्ट बघायचा तो सौद्याचं बटण नसलेल्या ठिकाणी. चार्ट-साधनाला ब्रोकरचं खातं जोडायचंच नाही. ती सोय त्यात असते आणि ती पुन्हा पुन्हा सुचवली जाते. ब्रोकरच्या ॲपच्या सूचना बंद करायच्या, फोनच्या पहिल्या पानावरून त्याला हलवायचं. इंडिकेटर शून्य. हे करायला पंधरा मिनिटं पुरतात आणि हात शिवशिवण्याचा निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. उरलेला निम्मा स्वभावाचा. त्यावर माझ्याकडे औषध नाही, पण विसरून जाणं हेही त्यावरचं औषध नव्हे. विसरलेला माणूस बाजार पडल्यावर खडबडून जागा होतो, आणि तेव्हा त्याचे हात जास्तच शिवशिवतात.

शेवटचा आक्षेप असा: ‘एवढं बघून करायचं काय? एसआयपी तर चालूच ठेवायची ना?’ याचं उत्तर आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या हिशेबातून देतो. महिन्याला १०,००० रुपये, दहा वर्षं, एकाच फंडात. त्या मला म्हणाल्या, “अहो, साठ टक्के नफा आहे, ॲपच दाखवतंय. मी कशाला बघू?” ॲपवर खरंच तसं होतं. भरलेले १२ लाख, झालेले १९ लाख २० हजार.

मी एवढंच विचारलं, “बाई, हे साठ टक्के किती वर्षांत?”

बाईंनी आयुष्यभर गणित शिकवलंय. पुढचं त्यांनीच कागदावर केलं. सगळे १२ लाख काही दहा वर्षं आत नव्हते. पहिला हप्ता दहा वर्षं होता, शेवटचा महिनाभर. असा प्रत्येक हप्त्याचा काळ धरून जो वार्षिक दर निघतो त्याला एक्सआयआरआर म्हणतात, आणि गूगल शीट्समध्ये त्याच नावाचं सूत्र आहे: एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात हप्ते उणे चिन्हानं, शेवटी आजची किंमत. दर निघाला नऊ टक्क्यांच्या जरासा वर. आरडीनं ७ टक्क्यांनी साधारण १७ लाख दिले असते. निर्देशांकानं साली १२ टक्के दिले असते तर २२ लाखांच्या वर. साठ टक्के हा आकडा खोटा नव्हता. त्यात ‘वर्षाला’ हा शब्द नव्हता, एवढंच.

मग चार्ट मांडला. फंडाच्या महिनाअखेरच्या एनएव्ही ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरून घेतल्या; निफ्टीचे टीआरआयचे आकडे एनएसईच्या निर्देशांकांच्या संकेतस्थळावर मिळतात. दोन्हींची सुरुवात १०० धरली. (चार्ट-साधनात किमतीच्या पट्टीवर ‘इंडेक्स्ड टू १००’ असा पर्याय असतो, शीटमध्ये प्रत्येक आकड्याला पहिल्या आकड्यानं भागून १०० नं गुणलं की झालं.) पहिली चार वर्षं दोन्ही रेघा गळ्यात गळे घालून चाललेल्या. पाचव्या वर्षी त्या फुटल्या आणि पुन्हा काही जवळ आल्या नाहीत. यात अचानक काही कोसळलं नव्हतं. दर वर्षी थोडं थोडं मागं पडणं होतं. एका दिवसाच्या हिरव्या-लाल रेघेत हे कधीही दिसलं नसतं. पासबुकात तर नाहीच.

बाईंनी मग कॅस काढलं, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्रित विवरणपत्र. त्यात योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ असा शब्द होता. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला ‘डायरेक्ट’ हा जुळा भाऊ आहे. गुंतवणूक तीच, फक्त वितरकाचं कमिशन त्यात नसतं. रेग्युलरमध्ये ते दर वर्षी एनएव्हीतूनच वळतं होतं, म्हणून पावतीवर दिसत नाही. पिछाडीचा काही भाग हा होता, उरलेला फंड व्यवस्थापकाच्या निवडीचा. वितरकानं दहा वर्षं सेवा दिली असती, वेळेवर सावध केलं असतं, तर बाई कमिशनबद्दल कुरकुरल्याही नसत्या. त्यानं दहा वर्षांत सांगितलं होतं ते इतकंच, की चार्ट बघू नका.

त्यांनी त्या दुपारी काहीही विकलं नाही. फंड बदलणं म्हणजे कराच्या दृष्टीनं विक्रीच, आणि २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंडांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट, त्यापुढे साडेबारा टक्के कर. त्यांचा नफा ७ लाख २० हजारांचा. सगळं एकदम काढलं असतं तर सुमारे ७५,००० रुपये करात गेले असते, उपकर वेगळा. म्हणून नवे हप्ते त्यांनी निर्देशांकाच्या डायरेक्ट योजनेत वळवले, आणि जुनी युनिटं दर आर्थिक वर्षी सव्वा लाखाच्या नफ्याच्या आत राहतील इतकीच काढायची ठरवली. आज आहे तेवढाच नफा धरला तर सहा वर्षं लागतील. तो वाढला तर जास्त. शीटमध्ये आता तीन रकाने आहेत: जुना फंड, नवा फंड, टीआरआय.